अकरा जोड चपला

मी एक जुना भोंगा आहे. हाताने दांडा फिरवायचा आणि मी बोंबलायचं, एवढंच माझं काम. आवाजाबद्दल विचाराल तर रेडा बरा. शाळेत मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा पहिलीतली दोन पोरं टेबलाखाली लपली होती, आणि नावाडी बाहेरून म्हणाला होता, "कुणाचा गळा दाबताय रे?" मला वाईट वाटलं नाही. गोड गळ्याचा भोंगा काय कामाचा?

मित्रांनो, आमचं बेट लहान आणि शाळा त्याहून लहान. एक खोली, एक बाई, अकरा मुलं. त्यातली पाच शेजारच्या बेटावरून यायची. ओहोटीला मधली वाळू उघडी पडायची, तेवढ्या वेळात चालत यायचं. धुकं असलं की हातभर पुढचं दिसायचं नाही. मग बाई दारात उभ्या राहून मला फिरवायच्या आणि पोरं माझ्या आवाजाच्या रोखाने चालायची. मी थांबलो की ती धुक्यातून ओ द्यायची, म्हणजे किती लांब आहेत ते कळायचं. पायरीवर चपलांचे अकरा जोड झाले की बाई म्हणायच्या, "आले सगळे," आणि दांडा सोडायच्या. पोरं काही एका जागी उभी राहत नाहीत, चपला राहतात.

त्या पाचांत दोन बहिणी होत्या. ताई नऊ वर्षांची, धाकटी सहाची. धाकटी सदा ताईच्या मागे, म्हणून सगळे तिला शेपूट म्हणायचे. ओल्या वाळूत चपला रुततात, म्हणून पोरं अनवाणी यायची, चपला हातात धरून. शेपटाच्या चपला ताईच्याच हातात असायच्या.

त्या दिवशी धुकं फार दाट होतं. ताई आली आणि तिने पायरीवर दोन जोड ठेवले, आपला आणि बहिणीचा. शेपूट मागे शिंपले वेचत रेंगाळलं होतं. "ये गं लवकर," असं ताई वळून म्हणाली आणि आत पळाली, कारण तिचा गृहपाठ राहिला होता. बाईंनी पायरी पाहिली. अकरा जोड. "आले सगळे."

मी गप्प झालो. आत पाढे सुरू झाले, सगळे एका सुरात, मोठ्याने. आणि बाहेरून, लांबून, एक ओ आली. थोड्या वेळाने पुन्हा आली, या वेळी उजवीकडून, जिथे पाणी चढत होतं. आयुष्यभर बोंबललो मी, आणि बोंबलायला हवं होतं त्या दिवशी भिंतीला लटकून होतो. मला हात नाहीत हो. तिसऱ्यांदा ओ आली नाही.

हजेरी घेताना कळलं. मला फिरवून फिरवून बाईंचे हात सोलवटले. नावा निघाल्या. पोर सापडली नाही.

लोक बाईंना नको नको ते बोलले. ताईला कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आठवड्याभरात बाई बेट सोडून गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी मला पुसून ठेवलं.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. आता आमच्या बाई म्हणजे ती ताईच. मधे पूल झालाय, मुलं सातच उरलीत, माझी गरज कुणालाच नाही. तरी धुकं पडलं की ताई प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून सात मोजायची आणि मग मला फिरवायची. थांबून ऐकायची. पुन्हा फिरवायची. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, आम्ही सगळे आलोय की. अजून कोण यायचंय?"

ताईने दांडा सोडला. शाळा सुटल्यावर तिने जुन्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. 'ते दोन्ही जोड मी ठेवले होते,' एवढं लिहायला तिला संध्याकाळ लागली.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. ताईने ते रिकाम्या वर्गात मोठ्याने वाचलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तिच्या चपला तुझ्या चपलांशेजारी नीट लावलेल्या होत्या, ती कधी नीट ठेवायची का? मी बोलले असते तर सगळे तुझ्या मागे लागले असते. नऊ वर्षांची होतीस तू. मुलं मोजायचं काम माझं होतं आणि मी चपला मोजल्या. आता पुरे कर, पोरी."

ताई खूप रडली. त्यानंतर धुकं पडलं तेव्हा तिने मुलं मोजली आणि मला हात न लावता आत गेली.

मित्रांनो, एवढं माझं ऐका. मोजायचं झालं तर माणसं मोजा, तोंडाकडे बघून. चूक झाली तर पोटात ठेवू नका, ऐकणारा हयात आहे तोवर सांगा. फक्त एक करा. शेपटाने दोनदा ओ दिली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ऐकलंत. ताईला सांगू नका. तिला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय.