नव्यांसाठी राखून ठेवलेली जागा

मी एक बाक बोलतोय. सुरुवातीलाच माफी मागून घेतो, कारण माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. शाळेत मी पुष्कळ वर्षं काढली, पण सगळी पहिलीच्याच वर्गात. वरच्या वर्गात जाण्याआधी गावातली मुलंच संपली, शाळेला कुलूप लागलं आणि माझं शिक्षण अर्ध्यावर राहिलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मिन्का बाईंना दोष देऊ नका. त्या जीव तोडून शिकवायच्या. मीच सदा मुलांच्या बुडाखाली असायचो, मला फळा दिसायचा नाही.

आमचं गाव ब्रेस्तोव दोल. बल्गेरियातल्या बाल्कन डोंगराच्या कुशीत आहे. शाळा बंद झाली त्या शरद ऋतूत स्तामात करवत घेऊन आला. हा आमच्या गावच्या शिकारी मंडळाचा म्होरक्या. त्यानं माझी पाठ कापून चुलीत घातली आणि उरलेली फळी खांद्यावर टाकून डोंगरावर नेली. तिथं एक वाळकी नासपती आहे. तिच्याजवळ दोन ओंडके रोवून त्यानं मला वर ठोकलं. समोर फांद्यांचा आडोसा उभा केला.

सोबत गेंचो होता. मंडळाचा विनोदवीर. त्यानं मला थोपटलं आणि म्हणाला, "इथं बसेल तो राजा!"

दोघं इतके हसले, इतके हसले की स्तामातला ठसका लागला. मला वाटलं, मला नोकरी लागली म्हणून आनंद झाला असेल. पहिली शिकलेला मी, मला काय कळणार?

आमच्याकडे शरदापासून भर हिवाळ्यापर्यंत दर शनिवारी रानडुकरांची शिकार असते. खालच्या दरीतून हाकारे कुत्री घेऊन आरडाओरडा करत वर येतात आणि बंदूकवाले आपापल्या जागी टपून बसतात. चांगल्या जागा दोन. पाणवठा आणि खिंड. तिथं स्तामात, गेंचो आणि त्यांचे जुने सोबती. आणि गावात जो कुणी नवा राहायला येईल त्याच्यासाठी, खास त्याच्यासाठी, मी.

पाहुण्याचा असा मान राखणारं गाव तुम्हाला शोधून सापडणार नाही.

नवा माणूस शहरातून येतो, जुनं घर घेतो, बंदुकीचा परवाना काढतो आणि गावच्या खानावळीत अदबीनं विचारतो, "काका, शिकारीला कुठं बसावं?" मग सगळं टेबल गंभीर होतं. कुणी दाराकडे बघून घेतो. कुणी आवाज खाली आणतो. शेवटी गेंचो म्हणतो, "तुला म्हणून सांगतो हं. वाळकी नासपती. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा सांगितली नाही." सख्खा भाऊ शेजारी बसून मान हलवत असतो.

मग गेंचो स्वतः त्याला माझ्यापर्यंत सोडायला येतो. एवढी सोय कोण करतं हो?

"समोर बघायचं, दरीकडे," तो बजावतो. "मागं वळून अजिबात बघायचं नाही. डुकराला माणसाच्या नजरेचा वास येतो."

"नजरेचा वास?"

"पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान आहे बाबा. आणि मोजे उलटे घाल. पायाचा वास आत राहतो."

माझ्यासमोर तर दरी कड्यासारखी सरळ तुटलेली आहे. तिथून वर यायचं तर डुकराला पंख हवेत. नव्या माणसाला मात्र देखावा छान दिसतो. ढग दिसतात. खाली चर्चचा कळस दिसतो. तो हुडहुडत बसतो, आणि संध्याकाळी खाली गेला की गेंचो काळजीनं विचारतो, "काय रे, आलं का काही?"

एक दंतवैद्य दोन हंगाम बसला आणि संधिवात घेऊन राजधानीला, सोफियाला परत गेला. एक निवृत्त अग्निशामक आला. त्याला तर गेंचोनं लसूण चघळायला लावली. त्याच्या बायकोनं त्याला घरात झोपू दिलं नाही, असं ऐकलं.

आता एक गोष्ट सांगतो. बाकाला पुढं-मागं नसतं, आणि माझी तर पाठसुद्धा कापलेली, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं दिसतं. हाकाऱ्यांचा आरडाओरडा सुरू झाला की डुकरं कुठून जायची, सांगू? माझ्या मागून. नासपतीला अंग घासून, आरामात.

त्यात नवल नाही. पाणवठ्यावर स्तामातच्या सिगारेटचा धूर. खिंडीत गेंचोचे विनोद आणि राकिया दारूची बाटली. डुकरं काही पहिलीत अडकलेली नव्हती. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या डोंगरावर एकच जागा अशी आहे, जिथं माणूस गप्प बसतो, दारू पीत नाही आणि शपथ घातल्यासारखा उलट्या दिशेला बघतो. मग त्यांनी तिथूनच वाट पाडली. फाटक्या कानाचा एक म्हातारा नर तर इतका सोकावला की त्यानं फांदीला टांगलेल्या पिशवीतली दंतवैद्याची बनित्सा, म्हणजे चीज भरलेली भाजलेली पोळी, सगळी खाल्ली. दंतवैद्य तिच्यापासून हातभर अंतरावर दरीकडे बघत बसला होता. जुन्या मंडळींनी नंतर निकाल दिला, "कोल्हा असणार." नासपतीखाली जाऊन माग बघावेत असं एकालाही वाटलं नाही. वाईट जागा कशी आहे हे बघायला कोण चढ चढतो? वाईट आहे, हे त्यांनीच तर ठरवलेलं.

मग झाहारी आला.

सोफियात ट्राम चालवायचा. बायको रुम्याना हिच्या आजोळचं घर ब्रेस्तोव दोलला पडून होतं, ते दोघांनी नीट केलं. माणूस लाजाळू. आणि ट्रामवाला, म्हणजे रुळावरून हलणार नाही. गेंचोनं दरीकडे बघ म्हटलं की हा दरीकडेच बघणार. पण माझ्यावरचा बर्फ तो हातानं झाडायचा, आणि एकदा चुकून पाय लागला तर मला "माफ कर हं" म्हणाला. मिन्का बाईंनंतर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

दुपारी रुम्यानाचा फोन यायचा. तो कुजबुजत बोलायचा.

"आज तरी नाव घेतलं का तुझं?"

"वाटणी व्हायचीय अजून."

"मागच्या वेळी?"

"घेतलं की. 'नव्याला' म्हणाले."

"हे नाव झालं? बाप्तिस्मा काय 'नवा' म्हणून केला होता तुझा?"

अधूनमधून एखादं वाट चुकलेलं डुक्कर पाणवठ्यावर मारलं जायचं, आणि त्याच्या वाटणीची आमची एक रीत आहे. डुकराचे ढीग करतात, पहिला मोठा, ज्यानं मारलं त्याचा, आणि बाकीचे सारखे. एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाला?" आणि पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. असं केलं की कुणाची तक्रार राहत नाही. पाठमोरा नेहमी गेंचो असायचा. तो सगळ्यांची नावं घ्यायचा, कुत्रेवाल्यांचीही. आणि सगळ्यांच्या शेवटी म्हणायचा, "नव्याला." झाहारीचा तिसरा हंगाम चालू होता. गावात दुकानदार त्याला नवा म्हणायचा, पाववाली नवा म्हणायची आणि रुम्याना झाली होती नव्याची बायको.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी रुम्याना फोनवर हळूच म्हणाली, "हे बघ, मला मांस नको. पण गावात माझ्या नवऱ्याला नाव नसेल तर मला इथं म्हातारं व्हायचं नाही. आजही 'नवा'च राहिलास तर वसंतात परत जाऊ."

"बरं," झाहारी म्हणाला. आणि खूप वेळ फोन हातातच धरून बसला.

मला फार वाईट वाटलं. पण बाक काय करणार? बाकाजवळ काय असतं?

खिळा असतो.

मी काही मुद्दाम केलं नाही. थंडीनं माझी फळी आकसली होती आणि पुढच्या कडेचा एक खिळा केव्हापासून डोकं वर काढत होता. आधीच्यांनी तो सोसला, कारण हलायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं. झाहारीनंही तीन हंगाम सोसला. त्या दिवशी मात्र त्याचं मन जागेवर नव्हतं. तो फोन खिशात घालायला कलला आणि खिळ्यावर नेमका बसला.

"आई गं!"

तो उठला, पँट चाचपली, जिथं खिळा नव्हता तो माझा मागचा काठ शोधला, आणि दरीकडे पाठ करून, साऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या ज्ञानाला पायाखाली तुडवत, उलटा बसला.

समोर फाटक्या कानाचा नर उभा होता.

मला वाटतं, त्या डुकराला झाहारीपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. त्यानं नासपतीजवळ माणसाचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग गोळी सुटली, आणि नासपतीवरचा सगळा बर्फ झाहारीच्या टोपीवर आला.

गेंचो ओरडतच चढण चढला, "काय मारलंस रे नव्या? कोल्हा की स्वतःचा बूट?" मग त्याला बर्फात पडलेलं डुक्कर दिसलं. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. पण शेवटी विनोदवीरच तो.

"मी म्हटलं नव्हतं?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "सोन्याची जागा! मीच दाखवली!"

स्तामात नासपतीला गोल फिरला. चिखलानं माखलेलं खोड पाहिलं, घासून गुळगुळीत झालेली साल पाहिली, बर्फातली रुंद वाट पाहिली. सिगारेट पेटवायला काढली होती, ती परत ठेवली.

"किती वर्षं रे, गेंचो?"

"काय किती वर्षं?"

"काही नाही," स्तामात म्हणाला.

मग रीतीप्रमाणे त्यानं झाडाची डहाळी मोडली, अर्धी डुकराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून, आणि अर्धी झाहारीच्या टोपीत खोवली. पहिल्या शिकारीला तीन छड्या असतात. त्यासाठी झाहारीला माझ्यावरच ओणवं केलं. शाळेची आठवण आली. तिथं माझ्यावर ओणवी झालेली मुलं रडायची. हा मात्र तिसऱ्या छडीला चक्क हसला.

बर्फात गाडी वर येईना, म्हणून वाटणी तिथंच झाली. ढीग मांडले. गेंचो ढिगांकडे पाठ करून माझ्यावर बसला. स्तामातनं सगळ्यात चांगल्या ढिगावर बोट ठेवलं. पहिल्याच.

"हा कुणाला?"

पहिला ढीग कुणाचा हे आज सगळ्यांना माहीत होतं. गेंचो म्हणाला, "नव्याला."

"नवा नावाचा आपल्यात कुणी नाही," स्तामात म्हणाला. "ज्यानं शिकार केली त्याचं नाव घे."

एवढ्या बोलक्या गेंचोला नावच माहीत नव्हतं. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून भावाकडे पाहिलं. भावानं टोपी सारखी केली. कुत्रेवाले कुत्र्यांकडे बघू लागले. कुत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ होती.

"तुझं... म्हणजे... चांगलंसं नाव आहे बघ..." गेंचो म्हणाला. "काय रे ते?"

झाहारीचे कान लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!" स्तामात ओरडला. "इथं जुन्या माणसांना कमी ऐकू येतं!"

"झाहारी!"

दरीनं ते दोनदा परत म्हटलं. त्या निकामी दरीचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

"हा कुणाला?" स्तामातनं पुन्हा विचारलं.

गेंचो ताठ बसायला पुढे सरकला, म्हणजे खिळ्यावर, आणि असा किंचाळला की खालच्या गावात रुम्यानालाही ऐकू गेलं असेल: "झाहारीलाऽऽ!"

तर नव्या मंडळींनो, माझी एकच विनंती आहे. कुणी जागा सांगितली तर आभार माना, चढ चढा, बसा. फक्त एकदा मागं वळून बघा. आणि जुन्या मंडळींनो, तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान आहे. जमल्यास नावं तेवढी पाठ करा. तेही पहिलीत शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाहारी हातोडी घेऊन वर आला. माझ्यावर आधीच गेंचो बसला होता. तोंड नासपतीकडे.

"तू कशाला आलास?" गेंचो दचकून म्हणाला. "इथं काही येत नाही रे. काल नशीब होतं तुझं. मी सहज आलो, देखावा बघायला."

"देखावा त्या बाजूला आहे, गेंचोकाका."

गेंचोनं घसा साफ केला. मग आवाज खाली आणला. "ते जाऊ दे. गिरणीवालं घर घेतलंय एकानं. वार्नाचा आहे. बंदूक आहे त्याच्याकडे. पुढच्या हंगामात विचारणार तो, कुठं बसू म्हणून. आता तू आपल्यातला. बोल, काय सांगायचं त्याला?"

झाहारीनं वाकून माझा खिळा ठोकून आत घातला. मग दरीच्या बाजूचा फांद्यांचा आडोसा एकेक फांदी करत उपसला आणि नासपतीच्या बाजूला उभा करू लागला.

"अरे, अरे, हे काय करतोस? जागा फुकट देतोस तू!"

"तुमच्या बाजूची ती फांदी द्या काका," झाहारी म्हणाला. "आणि त्याचं नाव काय म्हणालात?"