नाही म्हणायचा सराव

माणसं वाईट असतात यावर साहेबांचा विश्वास नव्हता. माणसं फुसकी असतात, असं त्यांचं मत होतं आणि नोकरीला लागल्यापासून रोज कुणी ना कुणी येऊन त्याला दुजोरा देऊन जात होतं.

साहेब म्हणजे परिवीक्षा अधिकारी. तुरुंगातून मुदतीआधी बाहेर सोडलेली माणसं पुन्हा वाकड्या वाटेला जात नाहीत ना, यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. खाली दिवसभर टायरांत हवा भरत, वर माणसांत. समुपदेशन कक्षाच्या भिंतीवर डोंगर चढणाऱ्या गड्याचं पोस्टर होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'बदल शक्य आहे.' एका बाजूची चिकटपट्टी सुटल्यामुळे तो गडी बरीच वर्षं डोंगर उतरत होता.

येणारी मंडळीही तशीच. मोटारी चोरणारा एकजण कायम उशिरा यायचा आणि वर सांगायचा, "बस चुकली." साहेबांना उशिराचं काही नव्हतं. "निदान कारण तरी स्वतःच्या धंद्याला शोभेल असं देत जा," एवढंच ते म्हणायचे. खिसे कापणारी एक आजी पश्चात्तापानं ढसाढसा रडायची आणि जाताना टेबलावरचं पेन घेऊन जायची. साहेब तिच्या हजेरीच्या दिवशी मुद्दाम बंद पडलेलं पेन ठेवत.

पण या सगळ्यांना साहेब निदान गुन्हेगार तरी समजत. होयबाला ते काहीच समजत नव्हते.

होयबा हे नाव साहेबांनीच ठेवलेलं. गडी पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, दारातून आत येतानासुद्धा दाराची माफी मागणारा. गुन्हा खोट्या सह्यांचा. त्याच्या बायकोच्या थोरल्या भावानं एक विमा कंपनी काढली होती. ती छत्र्यांचा पावसापासून विमा उतरवायची. कंपनीला तीन संचालक हवे होते. मेहुण्यानं कागद पुढे केले आणि होयबानं तिघांच्या सह्या ठोकल्या. चौकशीत निघालं की तिघांतले दोघे जन्मालाच आले नव्हते आणि तिसरा मेहुण्याचा कुत्रा होता. कुत्रा निर्दोष सुटला. मेहुण्याची कुठेच सही नव्हती, त्यामुळे तोही सुटला. आत गेला तो होयबा.

"पण सह्या केल्यास कशाला?" साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"दादांनी कर म्हटलं, साहेब."

"उद्या तो विहिरीत उडी मार म्हणाला तर?"

होयबानं बराच विचार केला. "कुठली विहीर ते सांगतील ना ते?"

साहेबांनी त्या दिवशी नोंद केली: 'पाठीचा कणा आढळला नाही.' मोठ्या साहेबांनी ती खोडायला लावली. साहेब म्हणाले, "हो सर," आणि खोडली.

आता होयबाची देखरेखीची मुदत संपायला बराच अवकाश होता, पण त्याची वागणूक इतकी निष्कलंक होती की पाहणाऱ्याला किळस यावी. आणि नेमकं याच वेळी मोठ्या साहेबांना यश हवं होतं. वरून पाहणी होणार होती आणि वर्षभरात या ऑफिसातून एकही माणूस मुदतीआधी मोकळा झाला नव्हता.

"तुमचा तो सह्यावाला," मोठे साहेब म्हणाले. "त्याला सोडून टाका. छोटासा समारंभ करू. फोटो काढू."

"तो पुन्हा आत जाईल, सर. मेहुणा टपूनच बसलाय."

"पुन्हा आत गेला तर ते नवीन प्रकरण झालं. आपण जुन्याबद्दल बोलतोय." मोठे साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "आणि हो, माझ्या मुलीच्या शाळेसाठी तो ज्वालामुखी करायचाय, विसरलात का?"

"नाही म्हणजे, हो सर. लाव्हा वाळायला ठेवलाय."

समारंभाआधी घरभेट घ्यावी लागते, म्हणून साहेब होयबाच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. दारावर आतून एक कागद चिकटवलेला: 'साहेबांची परवानगी नाही.' कशाची, ते लिहिलेलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"ते सगळ्यालाच चालतं, साहेब," होयबाची बायको चहा ठेवत म्हणाली. नवरा जितका मऊ तितकी ही कडक. "शेजारी शिडी मागायला आले, साहेबांची परवानगी नाही. आत्याबाई महिनाभर राहायला येणार होत्या, साहेबांची परवानगी नाही. खालचा पोरगा रडायला लागला की त्याची आई तुमचं नाव घेते, लगेच गप्प बसतो. पाहिलंय कुणी नाही तुम्हाला, पण वचक आहे."

साहेबांना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांच्या नावानं मांजरसुद्धा गप्प बसत नव्हतं.

एवढ्यात दार न वाजवता मेहुणा आत आला. पायांत पांढरे बूट, अंगावर पांढरी पँट आणि तोंडावर दात काढून हसणं. हातात एक फाइल.

"वा, साक्षात साहेब! जावईबापू मोकळे होणार म्हणे? मी तर पेनसुद्धा नवीन आणलंय."

"दादा, चपला," बहीण म्हणाली.

"बूट आहेत."

"बूट, दादा."

मेहुण्याचा नवा धंदा लिफ्टचा होता. ज्या घरांना फक्त तळमजला असतो, त्यांच्यासाठी लिफ्ट. "बघा साहेब, माणूस आत जातो. दार बंद होतं. दार उघडतं. माणूस पोहोचलेला! दोरी तुटायची भीती नाही, वीज जायची भीती नाही. गरिबानं काय आयुष्यात कधी लिफ्टमध्ये बसूच नये?"

"दोन भागीदार लागतात," होयबा हळूच म्हणाला. "दादा म्हणतात, दोन्ही मीच व्हायचं."

"मग?"

"आता तुमची अट आहे. तुमच्या परवानगीशिवाय मला कुठल्या धंद्यात सही करता येत नाही. म्हणून दादा थांबलेत."

मेहुणा प्रेमळपणे म्हणाला, "घरचा माणूस आहे. किती दिवस थांबणार? मोकळा झाला की त्याच दिवशी."

साहेब निघाले तेव्हा बायको जिन्यापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, ह्यांना सोडू नका हो. सोडलंत तर हे सही करतील. आणि सही केली की पुन्हा मला डबा घेऊन तुरुंगाच्या दारात उभं राहायचंय."

"तुम्हीच सांगा ना भावाला."

"मी हाकलते त्याला. पण मी कामावर गेले की तो येतो. ह्यांना एकट्याला गाठलं की संपलं. 'नाही' एवढा एक शब्द, साहेब. जन्मात निघाला नाही तोंडातून. लग्नात मला विचारलं, मी म्हटलं, विचार करून सांगते. ह्यांना विचारलं, हे प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हो म्हणाले. माझ्या मावशीनं विचारला होता तो, जेवण झालं का म्हणून."

साहेबांना त्या माणसाची इतकी चीड आली की त्यांनी त्याला सुधारायचंच ठरवलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशन कक्षात त्यांनी होयबाला खुर्चीत बसवलं. खुर्च्या फरशीला बोल्टनं आवळलेल्या होत्या, कारण पूर्वी एक खुर्ची सुधारून बाहेर पडली होती.

"म्हण, नाही."

"हो साहेब."

"हो नाही. नाही."

"बरोबर आहे तुमचं."

"मी मेहुणा आहे असं समज. जावईबापू, इथे सही करा."

होयबाचा हात आपोआप खिशाकडे गेला. साहेबांनी त्याच्या हातावर पट्टी मारली.

"माणूस आहेस का रबरी शिक्का आहेस? ही एवढी साधी गोष्ट! जीभ टाळूला लाव. न. आता सोड. ना. शाळेतली पोरं म्हणतात, कुत्री म्हणतात, गाढव तर अख्ख्या देहानं म्हणतं! आणि तू? अरे, लाज वाटायला हवी. समोरचा कितीही मोठा असो, ताठ मानेनं म्हणायचं, नाही! त्याला काय लागतं?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. मोठे साहेब. "अहो, समारंभाला फुलं तुम्हीच आणाल ना? आणि खुर्च्याही पुसून घ्या."

"हो सर."

दार बंद झालं. होयबा साहेबांकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत कुतूहल होतं, दुसरं काही नाही.

"माझ्याकडे काय बघतोस? आरशासमोर सराव कर. रोज."

"हो साहेब," होयबा म्हणाला, आणि आयुष्यातला पहिला गृहपाठ मन लावून करायला लागला. बायकोनं पुढे सांगितलं की तो दाढी करताना आरशाला नाही म्हणायचा आणि मग आरशाला वाईट वाटलं असेल म्हणून तो पुसून ठेवायचा.

समारंभाच्या दिवशी फुलं आली, खुर्च्या पुसल्या गेल्या, मोटारचोर बस मिळून वेळेवर आला. आजी पहिल्या रांगेत बसली, म्हणून टेबलावरची पेनं आत ठेवली. मेहुणा पांढऱ्या बुटांत मागे उभा होता, काखेत फाइल. होयबाची बायको दाराशी, जबडा आवळून.

मोठे साहेब बोलायला उभे राहिले. ते सुधारणेवर बोलले, समाजावर बोलले, स्वतःवर तर फारच बोलले. साहेब मनातल्या मनात त्या भाषणाला हवा भरलेलं टायर म्हणत होते. वर टाळ्या वाजवत होते.

मग आदेश पुढे आला. नियम असा की मुदतीआधी मोकळं होणाऱ्यानं 'मान्य आहे' म्हणून सही करावी. त्याशिवाय आदेश लागू होत नाही. आजवर हा नियम कुणाच्या लक्षातही आला नव्हता, कारण मोकळं व्हायला कोण कशाला नकार देईल?

"करा सही," मोठे साहेब कॅमेऱ्याकडे बघत हसले.

होयबानं पेन घेतलं. मेहुण्यानं फाइलचा बंद सोडला. बायकोनं डोळे मिटले.

होयबाची जीभ टाळूला लागलेली साहेबांना स्पष्ट दिसली.

"न," होयबा म्हणाला.

"काय?"

"ना." त्याला घाम फुटला होता. "ही."

"काय ही?"

"नाही. करणार नाही सही. मला नजरेखालीच राहायचंय. पूर्ण मुदत." आणि पेन खाली ठेवून त्यानं सवयीनं टेबलाची माफी मागितली.

खालच्या टायरच्या दुकानात कुणीतरी हवा सोडली तेवढाच आवाज झाला. मग आजीनं टाळ्या वाजवल्या. बायकोनं डोळे उघडले आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी घरातल्या जुन्या कपाटाकडे पाहावं, ते आपण होऊन भिंतीपासून पुढे सरकल्यावर.

मेहुणा मात्र असा तसा खचणारा नव्हता. घरचा गेला तर बाहेरचा. तो थेट मोठ्या साहेबांपाशी गेला. "सर, आपल्यासारखा माणूस पाहिजे खरं तर. तुमच्या सहीला वजन दिसतं." फोटो हुकल्यामुळे हिरमुसलेल्या मोठ्या साहेबांना निदान कुठेतरी सही करायची होतीच. लिफ्ट, तळमजला, गरिबाचं स्वप्न हे सगळं त्यांनी माना डोलावत ऐकलं आणि भागीदार म्हणून सही ठोकली.

"दुसरा एक लागेल," मेहुणा म्हणाला.

मोठ्या साहेबांनी फाइल साहेबांकडे सरकवली. "करा हो. आपलाच माणूस आहे."

साहेबांनी कागद पाहिला. ही कंपनी कुठे जाणार, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, तळमजल्याच्याही खाली. त्यांनी मान ताठ केली. जीभ टाळूला लावली. सोडली.

"हो सर," साहेब म्हणाले.

त्यांच्या हातात पेन आलं. टोक कागदाला टेकणार, तोच एक गोल, घामेजलेला हात मध्ये आला आणि त्यानं पेन काढून घेतलं.

"साहेबांना परवानगी नाही," होयबा म्हणाला.

"कुणाची?" मोठे साहेब खेकसले.

होयबानं क्षणभर विचार केला. "माझी."

एवढं खणखणीत कारण ऑफिसात आजवर कुणी दिलं नव्हतं. होयबानं साहेबांना दंडाला धरून समुपदेशन कक्षात नेलं, दार लोटलं आणि बोल्टच्या खुर्चीत बसवलं. पोस्टरवरचा गडी शांतपणे डोंगर उतरत होता.

"पहिल्यांदा अवघडच जातं," होयबा म्हणाला. "आरशासमोर करत जा. पुढच्या मंगळवारी बघू कितपत जमलंय ते. याल ना?"

त्याचा तो मऊ, समजूतदार, असह्य आवाज ऐकून साहेबांना पुन्हा एकदा त्याची भयंकर चीड आली. त्याला सडेतोड उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"हो," साहेब म्हणाले.