चकती

"अहो, चकती फिरत नाहीये."

आत्या हे इतकं हळू म्हणाली, की शेजारी फ्लॅश धरून उभ्या असलेल्या काकांना वाटलं, छतावरच्या पंख्याचं काहीतरी चाललंय.

"कुठली चकती?"

"कॅमेऱ्याची! लिव्हर ओढली की रोल सरकतो आणि ही डावीकडची चकती फिरते. मी मघापासून ओढतेय आणि ही बया ढिम्म!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. आत्या लग्नांचे फोटो काढायची आणि तिचा हा नवरा दिवे धरत तिच्यामागून हिंडायचा, त्यामुळे त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. आत्याने एवढा वेळ काढलेले सगळे फोटो, म्हणजे नुसता टिकटिक आवाज.

आणि एवढ्या वेळात नेमके आजोबा येऊन गेले होते!

नवरीचे आजोबा. तिला सायकल शिकवणारे, तिच्या शाळेच्या नाटकात पहिल्या रांगेत बसून घोरणारे. डॉक्टरांच्या हातापाया पडून ते दवाखान्यातून थोडा वेळ सुटले, पण घाईत कवळी खाटेशेजारच्या पेल्यातच राहिली. चाकाच्या खुर्चीतून हॉलच्या दारात आले, नवरीला पाहिलं आणि हसले. असं बोळकं, असं तोंडभर हसू, की रुसून बसलेली नवऱ्याकडची माणसंही हसायला लागली. त्यांची खुर्ची दारात दिसताच आत्याने घाईघाईने नवा रोल भरला होता. एरवी तिचा एक डोळा चकतीवर असायचाच. आज मात्र दोन्ही डोळे त्या हसण्यावर होते.

सामानाच्या खोलीत दार लावून तिने कॅमेऱ्याची पाठ उघडली. रोलची जीभ जशीच्या तशी बाहेर, वेडावून दाखवल्यासारखी.

"कुणाला कळणारे?" काका कुजबुजले. "सांगू, धुताना खराब झाला. होतं असं."

"धुणाऱ्याने काय घोडं मारलंय आपलं?"

"अगं, पण तुझं नाव जाईल!"

"जाऊ दे. आत्ता सांगितलं तर आजोबा तरी फोटोत राहतील."

हे असं होतं आत्याचं! सगळी गल्ली तिला उगाच आत्या म्हणत नव्हती. तिने तोच रोल पुन्हा नीट भरला, दोनदा लिव्हर ओढून चकती फिरते का ते पाहिलं आणि भर हॉलमधून तरातरा थेट नवरीसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबांचे फोटो आले नाहीत. रोल आत नीट बसलाच नव्हता, चूक माझी."

नवरीचे डोळे डबडबले. तिच्या आईचा मात्र तोफखाना सुटला. "आले नाहीत म्हणजे? माझे बाबा पुन्हा कधी उठून येणारेत? तरी मी म्हणत होते, दुसरा कुणी बघा!"

आत्याने मान खाली घातली नाही की बचावाचा एक शब्द काढला नाही. "खरंय तुमचं. पण आत्ता निघालो तर उन्हं जायच्या आत दवाखान्यात पोचू."

"आणि पाहुणे?" आई म्हणाली.

"पाहुणे जेवतील गं!" नवरीने नाक पुसलं आणि नव्या नवऱ्याकडे वळली. "गाडीची किल्ली दे."

दवाखान्यात नर्स आडवी आली. "एवढी माणसं आत नाही. आणि तो फ्लॅश तर अजिबात नाही, शेजारचे पेशंट झोपलेत."

काका फ्लॅश पोटाशी धरून मुकाट्याने व्हरांड्यातल्या बाकावर बसले. नवरी आपला घोळदार पोशाख गोळा करत आत शिरली, मागून आत्या.

आजोबा थकून पडले होते. कवळी आता तोंडात होती आणि चेहरा एकदम शिस्तीचा झाला होता.

"लग्न मोडलं की काय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आजोबा. तुमचा फोटो आला नाही. ही चकती फिरलीच नाही," आत्याने कॅमेरा पुढे करत सांगितलं.

"म्हणजे मी कवळीशिवाय हसलो, ते कुठेच नाही?"

"कुठेच नाही," आत्या म्हणाली. "चुकलं माझं."

"अगं, चुकलं काय! सुटलो की मी!" आणि म्हातारा खदखदा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, नवरीने पाठ चोळली, तरी थांबेना.

आत्याने खाट नर्सच्या मदतीने खिडकीकडे वळवून घेतली. फ्लॅश नाही, म्हणजे कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवायची आणि हात दगडासारखा ठेवायचा. कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवून तिने श्वास रोखला. आजोबांनी नातीचा हात धरला होता. हसू ओसरत आलं होतं, पण डोळ्यांत अजून होतं.

टक्.

हे हसू चांगलंच होतं. दारातलं ते बोळकं हसू मात्र वेगळं होतं. ते आता ज्यांनी पाहिलं, त्यांच्याजवळच राहणार होतं.

आजोबांनी डोळे मिटले. मग एक उघडला.

"फिरली का गं तुझी ती?"

आत्याने लिव्हर ओढली. बोटाखाली चकती सावकाश वळली.

"फिरली, आजोबा."

"बघ हं," म्हणत त्यांनी नातीचा हात तसाच धरून पुन्हा डोळे मिटले.