मी फौमार्ट बोलतोय

मी एक शब्द आहे. इंग्लंडच्या उत्तरेतल्या डोंगरदऱ्यांत माझा जन्म झाला. आई म्हणजे ‘घाण’, बाप म्हणजे ‘मार्टेन’ नावाचं झाडावरचं जनावर. मुंगसाएवढं, काळसर, चिडलं की दुर्गंधी सोडणारं, कोंबड्यांच्या माना फोडणारं एक जनावर तिथं होतं. त्याचं नाव मी.

खरं सांगतो, मला त्या जनावरापाशीच बरं वाटे. ते निदान पोटासाठी मारायचं. माणसं मला तोंडात घेत, ती दुसऱ्या माणसाला डिवचायला.

तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आयसॉट नावाची एक विधवा होती. चाळीस मेंढ्या, एक सात वर्षांची मुलगी, दुसरं कुणी नाही. तिची पडलेली दगडी भिंत शेजारच्या कथबर्टनं दोन दिवस राबून उभी केली. त्याची बायको जेनेट तेव्हापासून धुमसत होती. त्यातच एका सकाळी जेनेटच्या सहा कोंबड्या मरून पडल्या.

ओढ्यावर बायका कपडे धूत होत्या. आयसॉट आली तशी जेनेटनं नाकाला शालीचं टोक लावलं.

“कसली गं घाण सुटली? फौमार्ट आलं वाटतं.”

“तोंड सांभाळ, जेनेट.”

“का? दुसऱ्याच्या खुराड्यात शिरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?”

बायका खुदकन हसल्या. मी त्या हसण्यातून निघालो आणि दरीभर झालो. पोरं तिला पाहून नाक धरू लागली. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. मी कुणाकुणाच्या तोंडून आलो ते मला आठवतं, आणि लाज वाटते.

आयसॉटला मात्र लोकर कातरायच्या दिवसाचा भरवसा होता. तिथं आपल्याकडच्या इरजिकीसारखी रीत होती. ज्याच्या घरी पाळी, त्याच्याकडे सगळी दरी कात्र्या घेऊन यायची. भांडण असलं तरी यायची. चाळीस मेंढ्या एकट्या बाईच्या हातून होत नाहीत, आणि वेळेवर लोकर उतरली नाही तर उन्हाळ्यात मेंढीला किडे पडतात.

तिनं ओटच्या भाकऱ्या थापल्या, चीज कापलं, घरची बिअर भरून ठेवली. कातरणाऱ्यांसाठी बाकं मांडली. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही.

“आई, येताहेत गं!” मुलगी फाटकावरून ओरडली.

आयसॉट धावत बाहेर आली. दहा-बारा बाप्ये येत होते, मागं कथबर्टही होता. कुणाच्याही हातात कात्री नव्हती. सोबतची कुत्री मेंढ्या हाकणारी नव्हती. बिळात घुसणारी होती, फौमार्टवर सोडतात ती.

“कथबर्ट, भाकरी खाऊन जा,” ती म्हणाली. तो तिच्याकडे न बघता गोठ्याकडे वळला.

कोंबड्या मारणारं फौमार्ट हिच्याकडेच लपलंय म्हणत त्यांनी गोठा उकरला, तिचं अंथरूण उलटं केलं. काही सापडलं नाही. मग एकानं पिशवीतून मेलेलं फौमार्ट काढलं आणि तिच्या दारावर खिळ्यानं ठोकलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन खिंडीपलीकडे गेली. मेंढ्यांच्या अंगावर लोकर तशीच लोंबत होती. पुढं ती कुणाला दिसली नाही.

नंतर लोकांनी ते जनावरही त्या दरीतून संपवलं. आता मी जाड शब्दकोशात पडून असतो. वर ‘जुना शब्द’ असा शिक्का आहे. बरं आहे. मला तिथं वाचा, हवं तर हसा. पण कुणा बाईकडे बोट दाखवून मला उच्चारू नका. मी एकदा माणसाला चिकटलो की मला सुटता येत नाही.