दोनशे चाळीस यंत्रांची एक फाइल

हवामान केंद्राच्या यंत्रदालनात सगळे तिला मावशीच म्हणत. खरं तर मावशी ती एकाच मुलीची, तिथल्या इंजिनिअरणीची. पण भाचीचं ऐकून सगळ्यांनी तेच नाव उचललं. मावशीचं काम काचतारा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, जोडण्याचं. केसाएवढ्या त्या तारा तिने सहा महिने टाकल्या होत्या, त्यांतून प्रकाश जातो हेही तिला ठाऊक होतं, पण तो काय वाहून नेतो हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

त्या सकाळी समुद्रात वादळ उठलं. ते कुठे वळणार याचं गणित दुपारच्या आत हवं होतं, कारण मासेमारीच्या बोटी बाहेर होत्या. गणिताला समुद्राच्या तीस वर्षांच्या नोंदींची फाइल लागायची. नऊ मिनिटांत वाचून व्हायची ती फाइल आज चाळीस मिनिटं घेत होती, आणि ती पुन्हा पुन्हा वाचावी लागणार होती.

"मावशी, जरा ये गं," भाचीचा चेहरा उतरला होता. "एक यंत्र मागे पडतंय."

"एकच ना? मग बाकीच्यांनी उरकायचं."

"तसं नाही होत. फाइल एका जागी नाहीच मुळी. तिचे तुकडे करून दोनशे चाळीस यंत्रांवर ठेवलेत. एकट्या यंत्राने वाचायची तर दीड दिवस जाईल. म्हणून सगळी आपापला तुकडा एकदम देतात. पण एकाचा तुकडा अडला, की सगळं गणित त्याच्यासाठी खोळंबतं."

"आणि कुठला तुकडा कुणाकडे, हे कोण सांगतं?"

"एक वेगळं यंत्र. ते फक्त पत्ते सांगतं आणि बाजूला होतं. पुढचं देणंघेणं थेट. तुकडा तारेतून निघतो तो मागणाऱ्याच्या मेमरीतच जाऊन बसतो, मध्ये कुणाच्या टेबलावर थांबत नाही."

मावशीने मान डोलावली आणि गुडघे टेकून मागे पडलेल्या यंत्राची तार काढली. तिचं टोक भिंगाखाली धरलं. काचेवर पुसटसा तेलकट डाग होता. बोटाचा.

तारेला लावलेल्या जोडणीच्या चिठ्ठीवर कालची तारीख होती, आणि अक्षर तिचंच होतं.

क्षणभर तिला वाटलं, गुपचूप पुसावं, कुणाला कळतंय? पण जीभ ऐकेना. "माझ्याच हातचं आहे," ती म्हणाली. "घाईत टोपण न लावता ठेवली असणार."

"एवढ्याशा डागाने?" भाची वाकून बघायला लागली.

"प्रकाश जातो ना यातून. अर्धामुर्धा पोचत असेल. मग तेच तेच परत पाठवत बसत असेल बिचारं."

तिने टोक पुसलं, भिंगातून दोनदा पाहिलं, तार परत बसवली. टक् आवाज झाला.

भाचीने फाइल पुन्हा लावली. रांगांमधले हिरवे दिवे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेळी लुकलुकू लागले. मावशी उभीच राहिली. दोनशे चाळीस यंत्रं आपापला वाटा देत होती. पुरी फाइल त्यांतल्या एकाकडेही नव्हती, तरी पलीकडे तीस वर्षांचा समुद्र सलग उभा राहत होता. आणि तो तिने हाताने ओढलेल्या तारांतून जात होता.

"नऊ मिनिटं दोन सेकंद!" भाची ओरडली.

साडेअकराला गणितातून वादळाची वाट निघाली, बोटींना इशारा गेला. दुपारी तीनच्या सुमारास बंदरातून फोन आला, की शेवटची बोटही किनाऱ्याला लागली. दालनात टाळ्या पडल्या. भाचीने मावशीला मिठीच मारली.

"अगं हो, हो, पडेन मी," मावशी हसली. मग हळूच म्हणाली, "आता घाई नाही ना? मग ती फाइल पुन्हा एकदा लाव. मला नुसतं बघायचंय."