रंगाचा तिसरा हात

चूक माझीच. पण आधी ऐकून घ्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

मी पोपट, पेणचा. तीस वर्षं गणपती रंगवतोय. रोह्याच्या एलियासकाकांकडं दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार होती, फायबरची. अशा गाड्या थोड्याच निघाल्या, आणि निघाल्या त्यांनाही लोक हसले. "खेळण्यातली हाय," म्हणायचे. काका मात्र रेबेकाकाकूंना शेजारी बसवून ऐटीत जवळच्या निडी गावापर्यंत फेरी मारायचे. काकू गेल्या आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

आता काका लेकीकडं, दीनाकडं, इस्रायलला निघाले. कायमचे. गाडी त्यांनी मला फुकटच दिली. अट एकच.

"जायच्या आधी एकदा निडीपर्यंत चालवीन. शुक्रवारी दुपारपर्यंत नीट करून आण. शनवारी सांज झाली की निघायचंय."

फायबर म्हणजे माझ्या हातचा मळ. फुटलेलं बॉनेट असं जोडलं की सांधा शोधून दाखवा! केरू मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, पण रेडिएटरचा पंखा मधेच अडकत होता. "शुक्रवारी सकाळी आण, नवा बसवतो," म्हणाला.

शुक्रवारी सकाळी उन्हात बघतो तर दारावर लाल रंग पातळ! माझं डोकंच फिरलं. असली मूर्ती मी कारखान्याबाहेर कधी जाऊ दिली नाय. मारला तिसरा हात. वाळेस्तोवर सांज झाली, पंखा राहिला. म्हटलं, शनवार तर शनवार, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?

शनिवारी नागोठण्याला गाडी तापली. थांबलो, पाणी ओतलं, पुढं निघालो. रोह्याला दारात हॉर्न दिला तर काका ठेवणीतले कपडे घालून पडवीत बसलेले. गाडी बघून त्यांचे डोळे भरले. पण उठले नाहीत.

"बसा ना काका!"

"आज शब्बाथ हाय रे, पोपट. गाडीत बसायचं नाय."

अरे देवा! शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ह्या ज्यू लोकांना आमच्याकडं शनवारतेली म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द, आणि मीच शनिवारी गाडी घेऊन उभा! लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो.

"चार महिने राबलोय मी! एक दिवस तुमचा देव डोळे झाकील की!"

"पोपटदादा, तोंड सांभाळ," काकांना न्यायला आलेली दीना म्हणाली.

"आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ सुटंल," काका शांतपणे म्हणाले. "विमानतळावर न्यायला जीप यायच्या आधी वेळ हाय. निडीला जाऊन येऊ."

तेवढ्यावर गप्प बसावं की नाय? पण नाय! "तवर आवाज तरी ऐका," म्हणत मी इंजिन चालू केलं. चालूच ठेवलं. रंगाचं कौतुक सांगत राहिलो, कुठला लाल, किती घासला, किती हात. काका दोनदा म्हणाले, "पुरे, बंद कर." माझी टकळी काय थांबेना. मग बॉनेटखालून वाफ उसळली, आत काहीतरी करकरलं आणि इंजिन बंद पडलं.

सांजेपर्यंत मी खटपट केली. बोटं भाजून घेतली. चांदण्या दिसल्या तसे काका आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. नुसतं खट्. पुन्हा खट्. बाहेर जीप येऊन उभी राहिली. वडखळला जाम लागलाय म्हणून ड्रायव्हर घाई करत होता.

काकांनी आयुष्यभर गाड्या खोलून दुरुस्त केल्या होत्या, काय बिघडलं ते त्यांना काय सांगायचं?

"पंखा बसवला नाय?"

"नाय काका. शुक्रवारी रंग मारत होतो."

त्यांनी दारावरून हात फिरवला. काचेसारखं गुळगुळीत झालं होतं ते दार.

"मी रंग कवा मागितला होता, पोपट?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. दीनानं त्यांना हात दिला, उतरवलं आणि जीपमध्ये बसवलं.