वरमाई गाडीतून उतरते

रामीबाईनं ठरवूनच टाकलं होतं: हसायचं नाही, बोलायचं बेतानं, आणि नवरीच्या तांड्यात उतरायचं ते तोऱ्यात. शंकरसिंग तिचा एकुलता एक. पहिल्याच दिवशी वचक बसला नाही तर सून डोक्यावर मिरी वाटेल, ही तिची धास्ती. म्हणून तर दिग्रसच्या कापूसवाल्या शेठची स्टेशन वॅगन तिनं मागून आणवली होती.

आणि आता त्याच गाडीचं मागचं, वर उचलायचं दार उघडत नव्हतं.

लाडवांची पेटी सांभाळायला ती मागं सामानाच्या जागेत बसली होती; पुढून निघता आलं असतं. पण बाई अंगानं ऐसपैस. बाकाच्या पाठीवरून चढताना फेटिया घागरा सावरायचा की अब्रू? ती तिथंच ठाण मांडून बसली. बाहेर तांड्यातल्या बायांनी गाडीला घेरून गाणं जुळवलं, की वरमाई पिंजऱ्यात बसली, तिला दाणा टाका गं! रामीबाईला हसू फुटत होतं. तिनं ते कसंबसं गिळलं.

निरोप मिळताच दिग्रसच्या कापूस जिनिंगमधला भीमराज मिस्तरी सायकल हाणत आला. बाहेरची मूठ फिरवून त्यानं दाराला कान लावला.

"मूठ फिरून राह्यली, पण खटका हलत नाई. अंदरची सळई निसटली. मावशी, दाराचा पत्रा अंदरूनच काढा लागते. तुमालेच."

"मले? म्या जल्मात पेचकस धरला नाई, बाप्पा!"

"मंग बसा तिथंच. जेवण पाठोतो."

खिडकीच्या फटीतून पेचकस आत आला. चार स्क्रू होते. बायांनी स्क्रूगणिक एक कडवं म्हटलं, आणि तिसऱ्याला रामीबाईनं आतून व्याह्याच्या मिशांवर असं काही उलट कडवं फेकलं, की बाहेर नुसता धिंगाणा झाला. व्याही मिशा झाकून पळाला.

पत्रा निघाला. भीमराजनं काचेतून डोकावून पाहिलं.

"अंदरच्या मुठीले हे दोरी कोनं बांधली?"

रामीबाईनं ओढणी पुढं ओढली. बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या बंजाऱ्यांची ती लेक; सुटं सामान तिला पाहवत नसे. लाडवांची पेटी तिनंच मुठीला आवळली होती. अरुणावती नदीच्या उतारावर पेटीनं हिसका दिला आणि सळई उपटली.

"म्याच बांधली," ती शेवटी म्हणाली. "पन गाठ पाह्य, अजून सुटली नाई!"

भीमराजला हसू आवरेना. "सळई कडीत बसवा, दोरी सोडा, अन् म्या मूठ फिरवली का रेटा!"

रामीबाईनं रेटलं ते सगळ्या अंगानिशी. दार फाडकन वर गेलं आणि ती, पेटी, लाडू, सगळं एकदमच खाली आलं. खाली नेमकी नवरी. बायांचा गोंगाट ऐकून नंदाबाई घुंगट ओढून चोरून बघायला आली होती. दोघी धुळीत पडल्या आणि लाडू चहूकडे गडगडले.

बायांचं गाणं अर्ध्यावर तुटलं. रामीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसला तोरा अन् कसला वचक!

नंदाबाईचा घुंगट कुठल्या कुठं गेला होता. केसांत लाडवाचा चुरा. तिनं रामीबाईचा हात धरला.

"याडी, लागलं काय वं?"

याडी म्हणजे आई. अजून लग्नही लागलं नव्हतं. रामीबाईचा आनंद मावेना. ती आधी फसकन हसली, मग पोट धरून हसली, आणि तिच्यामागे सगळा तांडा हसला.

"नाई वं माय," ती म्हणाली, आणि धुळीत बसल्या बसल्याच सुनेच्या पाठीवरची माती झटकू लागली.